दोन सरकारं आणि गटारावरची लादी

सातिनेमआजी गटारात पडली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेला भात होता, आणि तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. कमरेपर्यंत चिखलात उभी राहून, एक हात वर धरून, तिने जावयाकडे असं बघितलं की तारमुजी सरांना वाटलं, आपणच आत पडायला हवं होतं.

तिचंही बरोबर होतं. घरासमोरच्या गटारावरची सिमेंटची लादी तडकलीय, हे ती केव्हापासून सांगत होती आणि सर दर वेळी म्हणत होते, "हो आई, बघतो." आमच्या जावा बेटावर 'हो' म्हणजे 'तुमचं बोलणं कानावर पडलं' एवढंच. पुढे काही होईल असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही. पण सासू काढते. सासू कुठल्याही बेटावर काढते.

त्या दिवसापासून आजी जावयाशी बोलायची बंद झाली. बोलायची बंद म्हणजे गप्प बसली असं नाही, एवढं नशीब कुठलं! ओसरीवर पिंजऱ्यात एक होला टांगलेला होता. जे काय सांगायचं ते ती होल्याला सांगायची.

"पाखरा, भूगोल शिकवणाऱ्या माणसाला म्हणे जगातल्या सगळ्या नद्या माहीत असतात. दारातलं गटार तेवढं माहीत नसतं."

होला गुटर्रगू करायचा. सरांना तोही फितूर वाटायला लागला.

बरं, नुसत्या टोमण्यांचं असतं तर सरांनी सोसलं असतं. पण दर गुरुवारी दुपारी समोरच्या कासिनेमकाकूंच्या खानावळीत गल्लीतल्या म्हाताऱ्या कुराणपठणाला जमायच्या. पठण होतं अर्धा तास आणि मग गल्लीतल्या सुनांची उजळणी अंधार पडेपर्यंत. आजीचा आठवडा त्या एका दुपारवर उभा होता. आता मधे भगदाड. उडी मारायचं तिचं वय नाही आणि जावयाच्या पाठीवर बसून जाईन तर नावाची नाही, हे तिने होल्याला स्पष्ट सांगून टाकलेलं. मग गुरुवारी ती ओसरीवर खुर्ची टाकून बसायची आणि समोर हसण्याचा आवाज आला की मान तिकडे वळवून कान द्यायची. अर्धंमुर्धं ऐकू यायचं. ते बघितलं की सर आत निघून जायचे. लगेच डोकंही तापायचं, कारण आपली चूक असली की माणसाचं डोकं जास्तच तापतं.

"अहो, एक लादी," बायको मुर्सिती म्हणाली. "विमानतळ नाही मागितला आईनं."

सर निघाले.

आता इथेच खरी गंमत आहे. वोनोगिलांग नावाचं शहर आहे आणि वोनोगिलांग नावाचाच जिल्हा आहे. शहराला महापौर, जिल्ह्याला बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा निवडून आलेला धनी. दोघांना जाकार्ताने स्वायत्तता दिलीय. म्हणजे आपापलं घर आपण चालवा, पण आम्ही अधूनमधून येऊन खाटेखाली वाकून बघणार. या दोघांची हद्द बरोबर सरांच्या दारातून जाते. सरांचं घर जिल्ह्यात, समोरचा रस्ता आणि कासिनेमकाकूंची खानावळ शहरात. मधे गटार.

जिल्हा कचेरीत माणूस फार गोड बोलला. चहा दिला. म्हणाला, "गटार रस्त्याचं असतं सर, आणि रस्ता शहराचा. आम्ही दुसऱ्याच्या स्वायत्ततेत हात घालत नाही."

शहर कचेरीतला त्याहून गोड. त्याने चहाबरोबर उकडलेले शेंगदाणेही दिले. "गटार घरांच्या सांडपाण्याचं असतं सर, आणि घरं जिल्ह्याची."

"मग निकाल कोण देणार?"

"वर," असं म्हणून त्याने छताकडे बोट दाखवलं. छताला पाल होती.

सरांनी जाकार्ताला तक्रार पाठवली. आणि उत्तर येईपर्यंत सरळ एक जाडजूड फळी आणून गटारावर टाकली. झालं! दुसऱ्याच दिवशी शहराचे शिपाई गाडी घेऊन आले आणि फळी उचलून निघाले. विनापरवाना बांधकाम!

"म्हणजे गटार तुमचं?" सर गाडीमागे धावत म्हणाले. पायात एकच चप्पल होती.

"नाही हो सर. फळी बेकायदेशीर आहे, एवढंच आमचं."

हे सगळं साकिमानकाका बघत होते. साकिमानकाका म्हणजे पलटणीतले निवृत्त हवालदार. शेजारीच राहतात आणि सकाळपासून सल्ला देण्याच्या तयारीत अंघोळ करून बसलेले असतात.

"मास्तर, तुमचं चुकतंय कुठे सांगू? तुम्ही भोक दाखवताय. सरकार भोक बघायला कधी येत नाही. सरकार फोटो काढायला येतं. गटारात मासे सोडा."

"काय?"

"गटार साफ करायचं, पाणी नितळ करायचं, मासे सोडायचे. साहेब येणार, फोटो काढणार. तो माशांकडे वाकला की आपण हळूच म्हणायचं, 'साहेब, जरा इकडे पण बघा, लादी नाही.' शत्रूला आपल्या मैदानात आणायचं. समजलं?"

सरांना ते पटलं याची त्यांना पुढे कायम लाज वाटली. पण तेव्हा पटलं.

रविवारी सगळी गल्ली श्रमदानाला उतरली. आमच्याकडे श्रमदान म्हणजे चार माणसं गाळ काढतात आणि बाकीची गाळ कसा काढावा ते सांगतात. कासिनेमकाकूंनी तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गरमागरम भजी पुरवली. दोन्ही टोकांना जाळ्या बसल्या, वरच्या पाटातून पाणी आलं, आणि सरांनी विकत आणलेली तांबूस तिलापियाची पिल्लं सोडली. खरं सांगायचं तर छान दिसत होतं. सर हात पाठीमागे बांधून गटाराच्या काठाने असे फिरत होते की जणू जलाशयाचं उद्घाटन त्यांच्याच हातून झालं.

"पाखरा," ओसरीवरून आवाज आला, "मासे पलीकडे जायला लागले. माणसं कधी जाणार ते विचार."

गल्लीतल्या कुणीतरी फोनवर चित्रण करून टाकलं. ते पसरलं. आणि मग साकिमानकाका म्हणाले होते तसंच झालं, फक्त जरा जास्तच झालं.

आधी आले शहराचे हेंद्रातोसाहेब. पर्यावरण खात्याचे. त्यांच्या बुटांना एवढी चकाकी की त्यात मासे दिसत होते. म्हणाले, "सर, आमच्या शहराच्या गटारात तुम्ही चमत्कार केलाय!"

आमच्या शहराच्या! सरांनी कान टवकारले. "साहेब, ते लादीचं जरा..."

"लादी बांधकाम खात्याची. मी बोलेन. तर हे आम्ही शहराचा नवा उपक्रम म्हणून जाकार्ताला कळवतोय. दर वर्षी कळवावा लागतो, नाहीतर वरचे विचारतात की स्वायत्तता दिली तिचं केलंत काय. तुमची हरकत नाही ना? शेवटी तुम्ही आमच्याच शाळेचे शिक्षक."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हसत हसत म्हटलं. सरांची शाळा शहराची, आणि शहराच्या अगदी कोपऱ्यातही एक शाळा आहे, जिथे बदली झाली की जायला तीन टेकड्या लागतात. सर म्हणाले, "हो."

मग आल्या जिल्ह्याच्या विनार्नीमॅडम. त्यांच्यासोबत बुपातींच्या मोठ्या फोटोची चौकट धरून एक माणूस होता, कारण बुपाती स्वतः येऊ शकले नव्हते.

"आमच्या जिल्ह्याच्या गटारात!" मॅडम म्हणाल्या. "सर, आम्ही हे जाकार्ताला पाठवतोय. तुमचा घराचा पत्ता आमचाच आहे. मुलीचा दाखला, जागेचा उतारा, सगळं आमच्याकडेच असतं, नाही का? हरकत नाही ना?"

सरांच्या डोक्यात सणक गेली. तोंडातून आलं, "हो."

"दोघांना हो म्हणालात?" मुर्सितीने कपाळावर हात मारला.

"मी आपला सभ्यपणे म्हणालो! त्यांना कळायला नको? तेही इथलेच ना!"

कळलं होतं हो त्यांना. चांगलंच कळलं होतं. पण सोयीचं असलं की आमच्याकडे 'हो' म्हणजे होच.

आठवड्याभरात गटाराच्या दोन्ही बाजूंना दोन भलेमोठे बोर्ड उभे राहिले. जाड लाकडी फळ्यांचे, लोखंडी पट्ट्या मारलेले. एका बोर्डावर महापौर मिशीतल्या मिशीत हसत होते, खाली शहराचं बोधचिन्ह. दुसऱ्यावर बुपाती हात जोडून उभे. शहराने उपक्रमाला मोगऱ्याचं नाव दिलं, जिल्ह्याने डेलियाचं. नाव म्हणजे दहाबारा जड शब्द घेऊन त्यांची आद्याक्षरं फुलासारखी दिसेपर्यंत ओढूनताणून बसवायची. फुलांची नावं असल्यामुळे गटाराला वास येणार नाही असा त्यांचा समज असावा. दोन्ही खात्यांनी आपापल्या बाजूची भिंत रंगवली. शहराची निळी, जिल्ह्याची पिवळी. लादी कुणी टाकली? नाव घेऊ नका. "ते बांधकाम खातं."

सरांना एक गोष्ट मात्र खुपत होती. ज्या गटाराला महिनाभर बाप मिळत नव्हता, त्याला आता दोन दोन बाप, आणि भोक होतं तिथंच.

मग शहराला वाटलं, फोटोत मासे बारीक दिसतात. म्हणून त्यांनी टोपलीभर मांगूर आणून ओतले. काळे, मिशाळ, मनगटाएवढे. तिसऱ्या दिवशी गटारात एकही तिलापिया नव्हता आणि मांगूर जरा सुस्तावले होते.

"शहराच्या माशांनी आमचे मासे खाल्ले!" विनार्नीमॅडम कडाडल्या. "हे आमच्या अधिकारक्षेत्रावर आक्रमण आहे!"

"मासे माझे होते मॅडम," सर पुटपुटले.

"तुमचे म्हणजे आमचेच!"

जिल्ह्यानेही मांगूर आणले, शहराच्या मांगुरांहून मोठे. साकिमानकाका रोज सकाळी काठावर उभे राहून दोन्ही फौजांचं बळ गल्लीला सांगायचे. कासिनेमकाकू मांगूर बघायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत मिरचीचा रस्सा दिसायचा. पण हात कुणी लावायचा? सरकारी मासा!

जाकार्तात काय झालं असेल ते उघड आहे. कुणीतरी नकाशावर टाचण्या लावत होता, आणि शहराची टाचणी नि जिल्ह्याची टाचणी एकाच भोकात गेली. एकच गटार, तेच मासे, काठावर उभा असलेला मास्तरही तोच, आणि मालक दोन. शिवाय त्याच गटाराबद्दल एका मास्तराची तक्रार, की या गटाराला मालक नाही. केंद्राने माणूस पाठवला.

तो येण्याच्या आदल्या दिवशी हेंद्रातोसाहेब आणि विनार्नीमॅडम दोघंही गल्लीत, आणि पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. ते भोक दिसता कामा नये. त्यांनी त्यावर हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि चारी कोपऱ्यांना फुलांच्या कुंड्या ठेवल्या.

"साहेब, खाली काहीच नाहीये!" सर म्हणाले.

"फक्त सकाळपुरतं, सर. तिथे कोण जातंय? बरं का, हरकत नाही ना?"

आणि सर, ज्यांच्या सासूने याच भोकात भात हातात धरून उभं राहून दाखवलं होतं, ते सर म्हणाले, "हो."

पिंजऱ्यासमोर बसलेल्या आजीने नुसता एक सुस्कारा सोडला. होल्याने तोंड फिरवलं.

दामानिकसाहेब केंद्राचे. सुमात्रा बेटावरच्या बाताक जमातीचे. म्हणजे बोलणं असं की आमच्या माणसाला वाटतं भांडतोय, आणि तो खरं तर वेळ विचारतोय. मानेला घाम, खांद्याला पिशवी. खाऊचे डबे पुढे केले तर म्हणाले, "नंतर." सगळी गल्ली गार. खाऊला 'नंतर' म्हणणारा अधिकारी आम्ही कधी बघितला नव्हता.

"गटार कोणाचं?"

"आमचं," हेंद्रातोसाहेब.

"आमचं," विनार्नीमॅडम.

"मासे?"

"आमचे!" दोघं एकदम.

दामानिकसाहेब सरांकडे वळले. "तक्रार तुमची? तुम्ही हे कोणाला दिलंत?"

"हो," सर म्हणाले.

"हो काय? मी कोणाला विचारतोय."

"म्हणजे... दोघांनीही विचारलं, मी दोघांनाही हो म्हणालो."

"का?"

असा सरळ 'का' आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. सरांचा चेहरा लाल. "साहेब, नाही कसं म्हणायचं?"

"'न'पासून सुरुवात करायची," दामानिकसाहेब म्हणाले. "तक्रारीत लादीचं लिहिलंय. कुठे आहे ती लादी?"

हेंद्रातोसाहेब पुढे सरसावले. "साहेब, आधी मासे बघू या ना, इकडून..."

"लादी!"

तेवढ्यात ओसरीवरून शांत आवाज आला. "पाखरा, त्या साहेबाला सांग, हिरव्यावर पाय देऊ नको."

आता जाकार्ताच्या माणसाला काय ठाऊक की या घरात सूचना पक्ष्यामार्फत येतात! दामानिकसाहेबांना वाटलं म्हातारी होल्याशी बोलतेय. ते आदराने आजीकडे बघून हसले, मान लववली, आणि विचारपूस करायला थेट तिच्याकडे निघाले. हिरव्या गवतावरून.

आवाज असा झाला की जणू कुणी बादलीत भोपळा टाकला. गवत गेलं, दोन कुंड्या गेल्या, केंद्र गेलं. कमरेपर्यंत नव्हे, छातीपर्यंत, कारण श्रमदानात आम्ही गटार चांगलं खोल केलं होतं. दोन्ही सरकारांचे मांगूर उधळले. मांगुराला कल्ल्यांपाशी काटा असतो. तो कुठे लागला ते साहेबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण ओरडले असे की होला पिंजऱ्यात उलटा झाला.

सगळी गल्ली काठावर धावली.

गटारातून डोकं वर आलं. डोक्यावर डेलिया. "गटार," दामानिकसाहेब एकेक शब्द चावत म्हणाले, "कोणाचं?"

"त्यांचं!" हेंद्रातोसाहेबांनी मॅडमकडे बोट दाखवलं.

"त्यांचं!" मॅडमचं बोट आधीच तिकडे होतं.

आणि तिथे, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तारमुजी सरांचं डोकं सगळ्यांसमोर सटकलं.

"नाही!" ते ओरडले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले, पण आता गाडी सुटली होती. "नाही, नाही आणि नाही! फोटो होता तेव्हा तुमचं नि तुमचं, आणि माणूस पडला की कुणाचंच नाही? मग ऐका! मासे मी आणले, गाळ या गल्लीने काढला, भोक माझ्या दारात आहे आणि त्यात पडलेली सासू माझी आहे! दर गुरुवारी ती इथे बसून समोरचं हसणं ऐकते. मला एक लादी पाहिजे होती. एक लादी! बोर्ड नको, रंग नको, फुलाचं नाव नको!"

ओसरीवर आजीची खुर्ची करकरली. एवढंच.

दामानिकसाहेबांनी गटारातून हात वर केला. "जरा ओढता का?"

साकिमानकाकांनी आणि सरांनी ओढलं. मुर्सितीने कोरडी लुंगी दिली. कासिनेमकाकूंच्या खानावळीत बाकावर बसून, काळी कॉफी आणि भज्यांचा ढीग पुढे घेऊन, सरांची लुंगी नेसलेल्या केंद्र सरकारने आदेश दिला. गटाराच्या मालकीचा प्रश्न जाकार्तात समितीपुढे जाईल. तोवर कुणीही त्यावर हक्क सांगायचा नाही. दोन्ही बोर्ड आत्ताच्या आत्ता काढा.

"आणि लादी, साहेब?" सरांनी विचारलं.

दामानिकसाहेबांनी भजं खाली ठेवलं. पहिल्यांदाच ते आमच्यासारखे अडखळले. "नियमाने मला... निकाल लागेपर्यंत कोणालाच खर्च करायला सांगता येत नाही." मग म्हणाले, "मी सुरुवात 'न'पासून करतोय. वाईट वाटतंय."

बोर्ड मात्र इतक्या चटकन निघाले की विचारू नका. जी माणसं बोर्ड लावायला दोन दिवस घेतात, ती काढायला चहाही न पिता आली. उपटले, जिल्ह्याचा इकडे टाकला, शहराचा तिकडे टाकला, आणि पसार. पडलेल्या केंद्राच्या जवळपास आपल्या साहेबाचं तोंड दिसू नये म्हणून दोन्ही पालथे टाकले. दामानिकसाहेब गाडीत बसले, सरांची लुंगी घेऊनच गेले.

सर दारात उभे. समोर भोक. भोकाच्या अलीकडे एक जाड फळ्यांचा बोर्ड, पलीकडे एक.

त्यांनी साकिमानकाकांकडे बघितलं. साकिमानकाकांनी त्यांच्याकडे. सल्ला न देता काका कामाला लागले, असं आयुष्यात एकदाच झालं.

गुरुवारी दुपारी शहराच्या शिपायांची गाडी आली. विनापरवाना बांधकाम! एक शिपाई उतरला, फळी धरली, उचलली. खालून महापौर मिशीतल्या मिशीत हसत वर बघत होते. शिपायाने फळी खाली ठेवली. अगदी हळू, पाळण्यात मूल ठेवावं तशी. बाहीने वरची धूळ पुसली, आपण काही बघितलंच नाही असा चेहरा केला आणि गाडी सुरू करायला सांगितली. महापौर नि बुपाती पुन्हा शेजारी शेजारी पालथे, तोंडं खाली मांगुरांकडे.

समोर खानावळीत म्हाताऱ्या जमायला लागल्या होत्या. सातिनेमआजी ओसरीवरून उठली. डोक्यावरचा रुमाल ठीक केला, केळीच्या पानातला भात घेतला. पहिला पाय टेकवून बघितला. दुसरा टेकवला. सर श्वास धरून दारात. आजी पलीकडे पोचली, थांबली, आणि मागे वळली. होल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तारमुजी."

सर दोन पावलं पुढे आले. "काय, आई?"

"शहराची फळी हलतेय."

"आणि जिल्ह्याची?"

"ती नुसती कुरकुरते. खाली दगड लाव."

"हो आई, ब..." सर म्हणाले, आणि सासूचा चेहरा बघून पुढचा शब्द गिळून दगड शोधायला धावले.